दुर्गाबाईंशी सुसंवाद

सयाजीराव टेमगिरे यांनी चाकणला ब्रेकचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत एकतीस वर्षं गुणवत्ता तपासली आणि त्यातून त्यांच्या हाती एक सत्य लागलं. जगातली सगळी दुःखं पहिली शिफ्ट दुसऱ्या शिफ्टला नीट निरोप देत नाही म्हणून होतात. महायुद्धं, घटस्फोट आणि पुनावळ्याच्या पुलाखालची संध्याकाळची कोंडी, तिन्हींवर त्यांचं निदान हेच होतं. निवृत्तीनंतर अडचण एवढीच झाली की हे सत्य ऐकवायला हाताखाली माणसं उरली नाहीत. ती अडचण त्यांच्या आईच्या पडण्याने दूर झाली.

दुर्गाबाई वयाच्या एक्क्याऐंशीव्या वर्षी पुनावळ्याच्या घरातल्या बाथरूममध्ये पडल्या आणि त्यांचं खुब्याचं हाड मोडलं. चक्कर आली, असं त्यांनी स्वतःच डॉक्टरांना सांगितलं आणि तसंच कागदावर आलं. ऑपरेशन चांगलं झालं. डॉक्टरांनी घरी सोडताना सयाजीरावांना बाजूला घेऊन सांगितलं, "सहा आठवड्यांत वॉकर धरून चालल्या तर चालल्या. नाहीतर अंथरूण धरतील आणि मग या वयात पुन्हा उठणं अवघड."

त्यातले तीन आठवडे सरले तरी दुर्गाबाईंनी जमिनीला पाय लावला नव्हता. व्यायाम करून घ्यायला रमीज नावाचा तरुण फिजिओथेरपिस्ट रोज सकाळी दहाला यायचा. वॉकर पलंगाशी उभा करून म्हणायचा, "आजी, चालायचं नाही, फक्त उभं राहायचं." दुर्गाबाई छताकडे बघत राहायच्या. एक्स-रे उत्तम होता आणि टाके सुकले होते. बाईंचं अडलंय कुठे, हे कुणालाच कळत नव्हतं.

घरात आईला बघणारी माणसं तीन. सयाजीराव स्वतः, त्यांच्या पत्नी विजयश्री, ज्या चिंचवडच्या एका शाळेत शिकवत आणि सकाळी सातला घर सोडत, आणि वाकडच्या एका एजन्सीने दिवसभरासाठी पाठवलेल्या भिमाबाई. भिमाबाई मूळच्या लातूरकडच्या, राहायला काळेवाडीत. एका मंगळवारी विजयश्रींनी निघताना सासूबाईंना पोट साफ होण्याचं औषध दिलं. आठला आलेल्या भिमाबाईंनी बाटली समोर दिसली म्हणून ते दिलं. नऊ वाजता सयाजीरावांनी, या दोघी विसरल्या असणार अशी खात्री बाळगून, स्वतःच्या हाताने दोन चमचे दिलं. पुढे जे झालं त्याचं वर्णन करणं सभ्य माणसाला शोभत नाही. भिमाबाईंनी दुपारपर्यंत चार चादरी धुतल्या. पाचवी पिळताना त्या एवढंच म्हणाल्या, "एका आजीला तीन तीन डॉक्टर झालेत साहेब."

दुसरा कुणी असता तर त्याने बाटली कपाटात ठेवून विषय संपवला असता. पण सयाजीरावांच्या डोळ्यांत तेज आलं. एकतीस वर्षं ज्याच्याविरुद्ध ते लढले, तो चुकलेला निरोप त्यांच्याच घरात सापडला होता. त्यांनी ही गोष्ट लिफ्टमध्ये रविराजला सांगितली. रविराज हा सोसायटीचा चेअरमन, आयटीतला माणूस. त्याला लोकांच्या अडचणी ऐकायला आवडत, कारण त्यावर त्याच्याकडे लिंक असे.

"काका, हा क्लासिक कम्युनिकेशन गॅप आहे," तो म्हणाला. "लिंक पाठवतो."

ती एका ऑनलाइन अभ्यासक्रमाची होती. विषय, आरोग्य व समाजसेवेतील प्रभावी संवाद कौशल्ये. कालावधी दोन दिवस, प्रमाणपत्रासह. सयाजीराव दोन दिवस वही घेऊन बसले. त्या काळात आईने दोनदा पाणी मागितलं ते भिमाबाईंनी दिलं, कारण साहेब 'रुग्णाचं ऐकण्याचं महत्त्व' या प्रकरणावर होते.

तिसऱ्या दिवशी प्रात्यक्षिक सुरू झालं. पहिला धडा असा की रुग्णाशी उभ्याने बोलू नये, त्याच्या नजरेच्या पातळीवर यावं. पलंग बुटका होता, म्हणून सयाजीराव जमिनीवर मांडी घालून बसले. पातळी साधली, पण साठाव्या वर्षीच्या गुडघ्यांना ती मानवली नाही. भिमाबाईंनी त्यांना काखेत हात घालून उठवलं आणि रमीजने जाताजाता त्यांनाही दोन व्यायाम सांगितले. दुसरा धडा नजरेला नजर देण्याचा. तो दीड मिनिट चालला. "असा काय बघतुयास," दुर्गाबाई म्हणाल्या, "मी जित्ती हाय."

तिसरा धडा सर्वांत महत्त्वाचा. रुग्ण जे बोलेल ते आपल्या शब्दांत परत सांगायचं, म्हणजे आपण ऐकतोय हे त्याला पटतं.

"चहा दे," दुर्गाबाई म्हणाल्या.

"म्हणजे आई, तुला असं म्हणायचंय की तुला चहा हवा आहे."

"व्हय."

"आणि तो अजून मिळाला नाही याचं तुला वाईट वाटतंय."

"आत्ता तर मागितला."

"म्हणजे मागितल्यावर लगेच मिळावा अशी तुझी अपेक्षा आहे. बरोबर ऐकलं ना मी?"

दुर्गाबाईंनी भिमाबाईंकडे मान वळवली. "ह्याला काय झालंय गं?"

चहा वीस मिनिटांनी आला. तोवर दुर्गाबाईंना तो नको झाला होता, आणि तेही सयाजीरावांनी आपल्या शब्दांत परत सांगितलं.

मग वेदना मोजण्याचा तक्ता आला. त्यावर हसऱ्यापासून रडक्यापर्यंत सहा गोल चेहरे होते. यातला तुझा आत्ताचा चेहरा कोणता, असं विचारल्यावर दुर्गाबाईंनी चष्मा मागवला, सहाही चेहरे नीट पाहिले आणि ही कुणाची पोरं म्हणून विचारलं. त्यातलं एकही ओळखीचं नसल्यामुळे तक्ता परत गेला. सयाजीरावांनी वहीत नोंद केली, 'रुग्णाने सहकार्य केले नाही'. कंपनीत असताना एखादा नट बसला नाही तर नट सहकार्य करत नाही असं त्यांनी कधी लिहिलं नव्हतं. पण आईच्या बाबतीत माणूस इतका काटेकोर राहू शकत नाही.

एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण आकुर्डीहून एक पांढरा फळा आला आणि पलंगासमोरच्या भिंतीवर, जिथे दुर्गाबाईंच्या दिवंगत यजमानांचा फोटो होता, तिथे लागला. फोटो पॅसेजमध्ये गेला. फळ्यावर रकाने पडले: वेळ, औषध, आहार, झोप, पोट, शेरा, सही. फळ्याचा फोटो रोज नऊ वाजता 'आई केअर टीम' या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पडू लागला. सुरुवातीला ग्रुपात पाच माणसं होती. मग तळेगावची बहीण आली आणि बहिणीने चुलत्यांना आणलं. रविराजने सोसायटीला काहीतरी शिकता येईल म्हणून आधी स्वतःला आणि मग दोन विंगांना आत घ्यायला लावलं. आठवडा व्हायच्या आत ग्रुप त्रेचाळीस जणांचा झाला. कोणी आयुर्वेदाचे फोटो टाकी, कोणी गुड मॉर्निंग, आणि बी विंगचे एक निवृत्त सुभेदार 'पोट' या रकान्याचा रोज बारकाईने अभ्यास करून मत देत.

गेटसमोरच्या किराणा दुकानाचे अकबरभाई या ग्रुपात कसे आले, ते कुणालाच आठवत नाही. माणूस मायाळू. एका सकाळी त्यांनी खालूनच तिसऱ्या मजल्याकडे तोंड करून विचारलं, "सयाजीभाऊ, अम्मांचं आज झालं का? दोन दिवस रिपोर्टात दिसलं नाही. पपई पाठवू का पिकलेली?"

सयाजीराव बाल्कनीत यायच्या आत समोरच्या विंगमधून कपडे वाळत घालणाऱ्या एका बाईंनी उत्तर दिलं, "काल संध्याकाळी झालं की. तुम्ही वाचलं नाही वाटतं."

दुर्गाबाईंचा पलंग खिडकीपाशी होता. बावीस माणसांच्या घरात त्या सून म्हणून आल्या होत्या आणि आपलं दुखणंखुपणं कुणाला कळू न देता त्यांनी त्या घराचा रामरगाडा ओढला होता. त्यांनी चादर तोंडावर ओढून घेतली. त्या दिवसापासून त्या बोलेनाशा झाल्या. चहा आला तर प्यायच्या, नाही आला तर मागायच्या नाहीत. रमीज आला की भिंतीकडे तोंड करायच्या.

घरात कुणालाही कळलं असतं की म्हातारी दुखावली आहे. सयाजीरावांनी फळ्यावर लिहिलं, 'संवाद शून्य. कारण तपासणी चालू'.

दुर्गाबाई फक्त भिमाबाईंशी हळू आवाजात बोलायच्या. सयाजीराव खोलीत आले की थांबायच्या. ही माहितीची गळती होती. त्यांनी भिमाबाईंना वही दिली आणि आई जे जे बोलेल ते वेळेसह उतरवून ठेवायला सांगितलं. "म्या आजीला बघू का वहीला बघू?" भिमाबाईंनी विचारलं. आई काय सांगते, असं विचारल्यावर त्या म्हणाल्या, "त्यांचं त्यांनाच इचारा की साहेब. तुमचीच आई हाय."

सयाजीरावांनी एजन्सीला फोन लावला. तिथल्या मुलीच्या ध्वनिमुद्रित आवाजाने त्यांचा संवाद आपल्यासाठी मोलाचा असल्याचं सांगून एक दाबायला सांगितलं. एकमधून तीन, तीनमधून सात, सातमधून परत मराठीसाठी दोन. शेवटी तक्रारीचा क्रमांक मिळाला. फोन सलग दोन दिवस त्यांच्या हातात होता. तिसऱ्या दिवशी निरोप आला की आपल्याशी संपर्क होऊ न शकल्यामुळे आपली संवादाविषयीची तक्रार बंद करण्यात येत आहे, आणि या अनुभवाला पाचपैकी किती तारे द्याल. सयाजीरावांनी एक तारा दिला. एका ताऱ्यावर मात्र एजन्सी ताबडतोब हलते. दुसऱ्याच दिवशी श्रद्धा नावाची ग्राहक संवाद अधिकारी दारात हजर झाली.

तिने फळा पाहिला, वही पाहिली, ग्रुपची संख्या विचारली आणि तिला गहिवरून आलं. "सर, इतकं संवादी घर आम्ही आजवर पाहिलं नाही. आपण याचा व्हिडिओ करू. दुसऱ्या कुटुंबांना दाखवता येईल."

त्या क्षणी सयाजीरावांच्या एकतीस वर्षांचं चीज झालं. कंपनीने निरोपसमारंभात त्यांना एक घड्याळ आणि चुकीच्या नावाचा केक दिला होता. ती जखम आता कुठे भरू लागली. रविवारी अकराची वेळ ठरली.

"अहो, आई आठ दिवस झाले बोललेल्या नाहीत," विजयश्री म्हणाल्या. "पाचवा आठवडा संपतोय. त्यांचा व्हिडिओ कसला काढता?"

"त्याच समस्येचं निराकरण व्हिडिओत दाखवायचंय," सयाजीराव म्हणाले.

विजयश्रींनी मुलांच्या वह्या तपासायला घेतल्या. लाल पेन जरा जोरात चालत होतं.

रविवारी दुर्गाबाईंच्या खोलीत चौदा माणसं उभी होती. श्रद्धाने मोबाइल स्टँडवर लावला. रविराज कमिटीला घेऊन आला होता. रमीज वॉकरपाशी उभा होता आणि त्याला बाहेर पडायला वाट नव्हती. सुभेदारही आले होते. सयाजीरावांनी फळ्यापाशी उभं राहून घसा साफ केला.

"कंपनीत एखादा भाग खराब निघाला की आम्ही माणसाला दोष देत नाही," ते कॅमेऱ्याकडे बघत म्हणाले. "आम्ही पाच वेळा 'का' विचारतो. पाचव्या 'का'पाशी मूळ कारण सापडतंच. नियम एकच, सुरू केल्यावर मध्ये थांबायचं नाही."

पाच उत्तरं त्यांनी वेळ वाचवायला आदल्या दिवशीच फळ्यावर लिहून ठेवली होती. चक्कर, अशक्तपणा, अपुरा आहार, एकादशी, आणि पाचव्या जागी 'धार्मिक कारण, उपाय नाही'. आई बोलणार नाही हे त्यांनी धरलंच होतं. त्यांनी केवळ पद्धत म्हणून पलंगाकडे वळून विचारलं, "आई, तू का पडलीस?"

"पाय घसरला," दुर्गाबाई म्हणाल्या.

खोलीत कुणीतरी कौतुकाने श्वास घेतला. आठ दिवसांनी बाई बोलल्या होत्या. श्रद्धाने मोबाइल जवळ नेला.

"चक्कर आली ना तुला?" सयाजीरावांनी फळ्याकडे बोट दाखवलं.

"न्हाई. पाय घसरला."

सयाजीरावांनी बोट खाली घेतलं, कारण नियम त्यांनीच सांगितला होता. "पाय का घसरला?"

"अंधार हुता. वल्लं दिसलं न्हाई."

"अंधार का होता? दिवा का नाही लावलास?"

"त्ये बटण लई वर हाय. माझा हात पोचत न्हाई."

"मग," सयाजीराव म्हणाले, आणि हा चौथा 'का' होता हे त्यांच्या लक्षात होतं, "कुणाला हाक का नाही मारलीस?"

"मारली की. चारदा मारली."

बाहेर कुठेतरी कुकरची शिट्टी झाली. सुभेदार बोटं मोजत होते. आता पाचवा, असं ते हळूच म्हणाले. सयाजीरावांच्या तोंडून पाचवा प्रश्न सवयीनेच बाहेर पडला.

"मग कुणी आलं का नाही?"

दुर्गाबाईंनी लेकाकडे पाहिलं. त्यांच्या नजरेत राग नव्हता, आणि तेच सयाजीरावांना सोसेना. "त्ये तू सांग," त्या म्हणाल्या.

सगळी खोली सयाजीरावांकडे बघू लागली. त्या दिवशी विजयश्री शाळेत होत्या आणि भिमाबाई या घरात अजून आल्याच नव्हत्या, हे सगळ्यांना माहीत होतं. सयाजीरावांनी तोंड उघडलं, पण बोलला तो रविराज. त्याचा हेतू वाईट नव्हता. माहिती असली की त्याला ती सांगावीच लागे.

"अरे, तो गुरुवार ना? काका, तुम्ही तेव्हा माझ्याशी फोनवर होतात. पाण्याच्या टँकरवरून. सोसायटीत कुणी कुणाचं ऐकून घेत नाही, असं सांगत होतात. मागून कुणाचीतरी हाक येत होती, मी म्हणालोही तुम्हाला." मग त्याला पुढचं आठवलं. "तुम्ही म्हणालात, टीव्ही चालू आहे."

"सर, एवढं आपण कट करू," श्रद्धा पुटपुटली. सुभेदारांनी मान खाली घातली. "चहा झालाय," विजयश्री दारातून म्हणाल्या, "सगळे बाहेर चला." त्यांचा शाळेतला आवाज होता. माणसं रांगेने बाहेर गेली. रमीजही गेला, वॉकर तिथेच ठेवून. भिमाबाईंनी शेवटी बाहेर पडताना दार ओढून घेतलं.

सयाजीराव पलंगाच्या कडेला बसले. अभ्यासक्रमात दुसऱ्या दिवशी दुपारी अशा प्रसंगी म्हणायची सात वाक्यं दिली होती. ती त्यांना पाठ होती आणि त्यातलं एकही ओठांवर येईना. त्यांना लाज वाटत होती. अशी लाज त्यांना कंपनीत सदोष माल ग्राहकाकडे गेल्यावरही कधी वाटली नव्हती.

"हाक ऐकू आली होती मला," ते म्हणाले.

"ठाव हाय. बाल्कनीच्या काचंतनं दिसत हुतास. एक बोट वर केलंस, थांब म्हणून."

"डॉक्टरांना चक्कर का सांगितलंस मग?"

"तू तिथंच हुबा हुतास. लोकांदेखत तुला काय म्हणून खाली बघाय लावू?" दुर्गाबाईंनी चादरीची चुणी सरळ केली. "आज तूच पाचपाच येळा इचारलंस, तर मी तरी काय करू?"

सयाजीरावांनी आईचं बोलणं आपल्या शब्दांत परत सांगितलं नाही. मग त्यांनी विचारलं, "पाय दुखतो का गं फार?"

"न्हाई. पाय बरा हाय कवाच."

"मग उभी का राहत नाहीस?"

हा सहावा 'का' होता आणि तो कुठल्याच पद्धतीत बसत नव्हता. दुर्गाबाई खिडकीबाहेर बघत होत्या. "भ्या वाटतं," त्या म्हणाल्या. "चालाय लागले की समदी म्हणतील, झाली म्हातारी बरी, आता हिच्याजवळ बसायचं काय कारण. मग एकटीच जायाचं. आन् परत पडले, आन् हाक मारली, आन्..."

सयाजीरावांच्या खिशात फोन वाजू लागला. वाजून वाजून तो थांबला. पुन्हा वाजू लागला तेव्हा त्यांनी तो काढून न बघताच उशीखाली सरकवला. ते उठले, वॉकर पलंगाशी आणला आणि त्याच्या समोर दोन पावलांवर उभे राहिले.

"मार हाक," ते म्हणाले.

दुर्गाबाईंनी त्यांच्याकडे जरा संशयाने पाहिलं. मग दोन्ही हातांनी वॉकर धरला, तळवे जमिनीला लावले आणि कण्हत, थरथरत, अर्ध्यावर एकदा बसत, त्या उभ्या राहिल्या.

"सयाजी."

"ओ."

वॉकर वीतभर पुढे सरकला. त्यामागोमाग एक पाऊल पडलं, मग ऑपरेशनचं.

"सयाजी."

"ओ, आई."

सयाजीराव एक एक पाऊल मागे सरत होते. त्यांचे डोळे भरून आले होते आणि पाठ फळ्याला कधी लागली तेही त्यांना कळलं नाही. एकादशी आणि अशक्तपणा त्यांच्या रविवारच्या शर्टाने पुसले गेले. दाराबाहेर चहाच्या कपांचे आवाज थांबले होते, म्हणजे सगळे कान देऊन ऐकत होते.

"सयाजी," दुर्गाबाई पुन्हा म्हणाल्या. धाप लागली होती, पण आवाज खणखणीत होता.

"ओ. काय गं?"

"काय न्हाई. हायस का बघितलं."

"आहे ना. इथेच आहे."

"मग वाटंतनं सरक जरा. मला म्होरं जायाचंय."